तळहातावरची निळी अक्षरं

हरतालिकेच्या दुपारी अडीच वाजता गल्लीतल्या अकरा बायका आपापल्या घरात एकाच मिनिटाला उठल्या आणि माठातलं पाणी प्यायल्या. सगळ्यांचा निर्जळी उपास होता.

त्यांत मंदाकिनी तांबट होत्या. शाळेत बावीस वर्षं शिकवत होत्या. शाळेतल्या संडासाला कायम कुलूप, म्हणून घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आपल्याकडे याला सोशिकपणा म्हणतात, आणि कौतुकही करतात! मग व्हायचं तेच झालं. आधी लघवीला जळजळ, घडीघडी जावंसं वाटणं, नंतर थंडी-ताप आणि पाठीत कळ. गोळ्यांनी बरं वाटलं की बाई कोर्स अर्ध्यावर सोडायच्या. असं चारदा झालं आणि एक मूत्रपिंड गेलं. तेव्हा डॉ. देवयानी शेवडेंनी त्यांना राखणे दिले.

राखणे म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले निरुपद्रवी जिवाणू. ते मूत्राशयात राहतात, रोगजंतू शिरला की ओळखतात आणि नसांवाटे मेंदूला तहान लावतात. पाणी प्यायलं की समाधानही तेच देतात. जंतू धुऊन जातात. डॉक्टरांनी पहिला डोस स्वतः घेतला होता, मग सगळ्या गल्लीने घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या. सकाळपासून दोनदा निघाल्या होत्या, पण वाटेत पाणी प्यायल्या आणि कशाला निघालो तेच विसरल्या. म्हणून या वेळी तळहातावर पेनाने लिहून आणलं होतं, ‘राखणे काढा’.

“व्रत मोडलं त्याचं एवढं नाही, मॅडम. तांब्या मीच उचलला, पण प्यायले ती मी नव्हते. भीती वाटते मला.”

“उपासाने लघवी दाट होते. राखण्यांना तो धोका वाटतो.”

“अकरा घरांत एकाच मिनिटाला?”

“ते मलाही कळलेलं नाही. काढता येतील, आठवड्याच्या गोळ्या आहेत. पण पुन्हा पाणी टाळलंत तर दुसरं मूत्रपिंडही जाईल, तांबटबाई.”

“पाणी पिईन की. पण माझ्या मनाने पिईन.”

डॉक्टरांनी कागद ओढला. पेन टेकवलं आणि दोघींना एकदम तहान लागली. दोघी पेला भरून प्यायल्या.

“हं, काय म्हणत होतात?”

“कुठं काय, सहज आले होते,” बाई मनापासून हसल्या. दारातून त्यांनी हात हलवला, तेव्हा तळव्यावरची निळी अक्षरं डॉक्टरांना दिसली. शाळेचं काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर हात धुवायला बेसिनकडे गेल्या. त्यांच्या डाव्या तळव्यावरही निळी अक्षरं होती. पुसट, पण वळण त्यांचंच. ‘राखणे...’ एवढं वाचलं आणि त्यांच्या घशाला कोरड पडली.