पायबंदाची शर्यत

सारी-तोरच्या कुरणावर आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात चढतो आणि सप्टेंबरात बर्फ भुरभुरू लागला की उतरतो. मधले तीन महिने सोबतीला मेंढ्या, घोड्या आणि कधीमधी पाठीवर घराएवढी पिशवी घेतलेला एखादा भटका परदेशी. रस्ता आमच्यापर्यंत येत नाही. त्यामुळे जे येतात ते एकतर वाट चुकलेले असतात किंवा मुद्दाम वाट सोडलेले. त्यांना घोड्यावर बसवून पुढच्या खिंडीपर्यंत पोचवणं हे माझं उन्हाळ्याचं काम. त्याआधी बावीस वर्षं मी खालच्या गावात गणित शिकवलं. अजूनही सगळे मला मुआलिम म्हणतात, म्हणजे मास्तर. बायकोही म्हणते, पण तिच्या तोंडून तो टोमणा असतो.

मी नसलेलं पाहणारा माणूस नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकच काळजी होती. नातू बायेल वीस महिन्यांचा झाला तरी पाऊल टाकत नव्हता. तंबूच्या लाकडी जाळीला धरून उभा राहायचा, सगळ्यांकडे बघून हसायचा आणि धपकन बसायचा. शहरातल्या डॉक्टरांनी पाय वाकवून, ठोकून पाहिले. म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, वाट बघा. माझी मुलगी कानिशाय वरवर हसायची, पण दुसऱ्यांची लेकरं धावताना दिसली की बादली उचलून पाण्याला निघायची. बादली भरलेली असली तरी. मला ते बघवायचं नाही.

शेवटी बुरुलचाने, म्हणजे माझ्या बायकोने, ठरवलं की बायेलचा तुशो कापायचा. तुशो म्हणजे घोड्याचा पायबंद. मूल चालू लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, मुलांची शर्यत लावायची आणि पहिल्या आलेल्याच्या हातात सुरी देऊन ती दोरी कापून घ्यायची. जो कापतो त्याची चाल लेकराला लागते.

"अगं, चालायला लागलेल्याचा पायबंद कापतात," शेजारच्या तंबूतल्या सायराकान आपा म्हणाल्या. "तुझा तर अजून बूड टेकून बसलाय. घोड्याचा पत्ता नाही नि खोगीर घेऊन आलीस?"

"खोगीर बघून घोडा येईल, आपा. तुम्ही फक्त बोर्सोक तळायला या."

"येते. पण साखर मी घालणार. तुझा हात फार आखडता."

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. सकाळपासून कढईत बोर्सोक, म्हणजे पिठाचे गोडसर तुकडे, फुगत होते आणि त्या पिठाच्या वासाने आजूबाजूच्या सात तंबूंतली माणसं न बोलावता जमली. मेंढा शिजत होता. घोडीचं आंबवलेलं दूध वाडग्यांतून फिरत होतं, ते दोन वाडगे प्यायल्यावर कोणीही गातं. मी ओढ्याकाठच्या चपट्या खडकापासून तंबूपर्यंत पावलं मोजली. एकशे ऐंशी. सायराकान आपांच्या नातीला, ऐझिरेकला, आम्ही गुपचूप सांगून ठेवलं होतं की जिंकायचं तूच. नऊ वर्षांची पोर, दिवसभर शिंगरांच्या मागे पळते. असली लबाडी या शर्यतीत सगळेच करतात, कारण आपल्या लेकराला ऐऱ्यागैऱ्याची चाल कोणाला हवी असते?

बायेल लोकरीच्या जाड नमद्यावर उभा होता, पायांत दोरी, दोन्ही हात आईच्या बोटांत. मी टोपी खाली टाकली. मुलं सुटली.

अर्ध्या वाटेवर ऐझिरेक पुढे होती. तेवढ्यात खडकामागून एक माणूस पळत आला. उंच, पिवळ्या दाढीचा, पाठीवर निळी मोठी पिशवी. पिशवीला लटकवलेला पत्र्याचा मग टणटण वाजत होता. परदेशी! सगळे हसत सुटले. त्याला वाटलं असेल काहीतरी खेळ चाललाय, आपणही पळू. उजवं पाऊल थोडं बाहेर फेकत, एवढं ओझं घेऊन, तो मुलांना मागे टाकत आला आणि आमच्या पुढ्यात उभा राहिला. छातीपर्यंत भिजलेला होता. दम मात्र अजिबात लागला नव्हता.

"हा तुमच्या घरचाच झाला आता!" कोणीतरी ओरडलं.

"मुआलिमला विचारा, लबाडी उलटली!" सायराकान आपा मांडीवर थापा मारत होत्या. ऐझिरेक फुरंगटून बसली.

मी वाकून त्याच्या हातात सुरी दिली. नाव विचारलं नाही. आमच्यात पाहुण्याच्या पोटात चहा गेल्याशिवाय कुठून आलास, कोण, हे विचारायचं नसतं. आणि पहिल्या आलेल्याला सुरी नाकारायची नसते. तो गुडघ्यावर बसला, दोरी हलकेच उचलली आणि एका झटक्यात कापली.

"त्याची चाल याला लागो!" सगळे एकदम म्हणाले.

बुरुलचाने सायीत बुडवलेला बोर्सोक त्याच्या तोंडात कोंबला. आणि कानिशायने बोटं सोडवून घेतली.

बायेल चालला. एक, दोन, पाच पावलं. मग मी मोजायचं विसरलो. कानिशाय नमद्यावर बसून हुंदके देत होती, बुरुलचा माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती, म्हाताऱ्या सायराकान आपा नाचत होत्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बुरुलचाला तिथल्या तिथे सांगून शिव्याही खाल्ल्या.

पाहुण्यासाठी चहा ओतून वळलो तर तो नव्हता.

"इकडेच तर होता," कानिशाय म्हणाली. "बाबा, दोरी कापताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली. बर्फ होती नुसती."

"नदी उतरून आला असेल."

तो जिथे गुडघ्यावर बसला होता तिथे मी सहज हात ठेवला. नमदा कोरडा होता. उन्हाने वाळला असेल, असं मी मनाशी म्हटलं. चहा निवायच्या आत नमदा वाळत नाही, हे मला कळत होतं.

इकडे बायेल चालतच होता. माणसांमधून, पातेल्यांच्या कडेने, तंबूच्या मागे, थेट घळीच्या दिशेने. आईने उचलून आणला. खाली ठेवताच वळला आणि पुन्हा तिकडेच निघाला. तिसऱ्यांदा आणला तेव्हा रडू लागला.

"निघाला चीनला!" सायराकान आपा म्हणाल्या. "वीस महिन्यांची उधारी एका दिवसात फेडतोय."

सगळे हसले. मीही हसलो. पण मी त्याची पावलं बघत होतो. नुकतं चालू लागलेलं मूल हात वर करतं, डुलतं, पडतं. बायेल पुढे वाकून चालत होता, पाठीवर ओझं असल्यासारखा. उजवं पाऊल बाहेर फेकत.

मी घोड्यावर बसलो. बायेलला पुढे घेतलं.

"कुठे निघालात त्याला घेऊन?" बुरुलचाने विचारलं.

"हा नेईल तिकडे."

"मुआलिम, दोन वाडग्यांतच?"

घळीत दोन वाटा फुटतात. उजवी पुलाकडे जाते, सगळे तिकडूनच येतात. डावी जुन्या उताराकडे, जिथून पूर्वी नदी पायी ओलांडायचे. पूल झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही. मी लगाम उजवीकडे वळवला तसा बायेल डावीकडे असा झुकला की पडतच होता.

डावीकडे गेलो.

पाण्याचा आवाज वाढला. घोडा थांबला. बायेलने बोट दाखवलं.

दोन दगडांच्या मधे निळी पिशवी दिसली. मग तो दिसला. छातीपर्यंत पाण्यात, उजवा पाय गुडघ्याखाली दगडात अडकलेला. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून हसला.

मी पाण्यात उतरलो.

"कधी पडलास?" मी रशियनमध्ये विचारलं.

"काल. दुपारी." त्याचं रशियन मोडकं होतं.

"आज वर आला होतास. आमच्याकडे."

"या पायाने?" तो हसू लागला आणि कळवळला. "नाही. पण डोळा लागला होता. छान स्वप्न पडलं. मुलं होती. मी जिंकलो."

त्याच्या दाढीला साय लागली होती.

पुढचं सगळं धावपळीचं आणि आनंदाचं. मी दौडत जाऊन माणसं आणली, चौघांनी मिळून दगड हलवला आणि त्याला तंबूत आणलं. कुरणावरून धक्के खात जीप येईपर्यंत तो नमद्यांच्या ढिगावर आडवा पडून मेंढ्याचं सूप प्यायला. तानेल त्याचं नाव, एस्टोनियाचा, अकरा महिने आशियात पायी भटकणारा. बायकांनी त्याच्यासाठी गाणी म्हटली, त्यानेही त्याच्याकडचं एक म्हटलं, आणि बायेल त्याच्या छातीवर चढून दाढी ओढत बसला. एक रात्र त्या पाण्यात काढून हा जगला कसा, हेच डॉक्टरांना कळेना; आणखी एक काढली असती तर संपला असता, म्हणाले. दुपारच्या शर्यतीबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही. सायराकान आपांनी फक्त त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तो मायदेशी गेला. त्याची बहीण लीस मला निरोप पाठवते. हाड सांधलं, तिने ऑक्टोबरात लिहिलं. नसा ठीक आहेत, तिने जानेवारीत लिहिलं. पाय मात्र उचलत नाहीत, दोन्ही. डॉक्टर म्हणतात, पाय ठणठणीत आहेत, वाट बघा. ते वाक्य मी बुरुलचाला वाचून दाखवलं.

तिने मळलेला पिठाचा गोळा परातीत आपटला. मग म्हणाली, "काही कळवायचं नाही. आपलं पोर चालतंय."

मला तिचा राग आला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

या जूनमध्ये आम्ही पुन्हा वर आलो. बायेल आता चालत नाही, पळतो. दमत म्हणून नाही. रानपुदिना तुडवत अनवाणी सुटतो ते तीन टेकड्या पलीकडे सापडतो, आणि कानिशाय बादली टाकून हसत त्याच्या मागे धावते. तिला हसताना बघून माझं पोट भरतं. गुरुवारी तेवढा तो ओढ्याकाठी पाय धरून किंचाळला. बुरुलचाने सुई तापवून टाच चांगली निरखली. रक्ताचा थेंब होता, भोक होतं. आत काहीच नव्हतं.

फोनला रेंज मिळते ती मागच्या उंचवट्यावर. काल तिथे चढलो. लीसचा निरोप आला होता. तानेल मजेत आहे, तिने लिहिलं होतं. अंथरुणातून हलत नाही, पण दिवसभर डोंगर चढून आल्यासारखा गाढ झोपतो आणि हसत उठतो. पुदिन्याचा वास येतो म्हणतो. एकच विचारायचं होतं, तुम्ही हुशार माणूस आहात म्हणून. हल्ली त्याचे पाय पुसताना नर्सला बोटांच्या बेचक्यांत गवत सापडतं. तिला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण गुरुवारी तिने त्याच्या टाचेतून काटा काढला.

खाली फोटो जोडला होता. काटा बोटाच्या पेरापेक्षा लांब, टोकाला काळा. तसली झुडपं आमच्या ओढ्याकाठी दोन्ही बाजूंना वाढतात.