पुस्तकात नसलेली छत्री

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच थांबली, दिवा गेला, आणि आत ती एकटीच होती.

तिने सगळी बटणं दाबून पाहिली, दारावर थापा मारल्या. मग भिंतीला टेकून खाली बसली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"ताई, घाबरू नका. दहा मिनिटं लागतील."

"दहा मिनिटं... हवा पुरेल का?"

"दिवसभर पुरेल. तुम्ही फक्त बोलत राहा."

"काय बोलू? मला काही सुचत नाहीये."

"मग मी बोलतो."

आणि पान्याची ठकठक करत करत तो एक गोष्ट सांगायला लागला. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गायनशिक्षिकेची. तिला लिफ्टची भीती. कडक उन्हातसुद्धा हातात पिवळी छत्री, तिची एक काडी मोडलेली. ती जिन्याने उतरायची, आणि तिला सोबत म्हणून लिफ्टवाला एकेका मजल्यावर रिकामी लिफ्ट थांबवत खाली यायचा.

"पुढे?" तिने विचारलं. आपला आवाज थरथरत नाहीये, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"पुढे तुमचं दार उघडलं," तो म्हणाला.

खरंच उघडलं होतं. त्याने हात पुढे केला, हाताला लागलेलं ग्रीस पाहिलं, तो मागे घेतला, आणि दुसरा पुढे केला.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. पुस्तकासाठी इंटरनेटवर एखादं पान उघडायचं, ही तेव्हा नवलाई होती. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. लोक हौसेने स्वतःची पुस्तकं छापायचे, आणि मग गठ्ठे पलंगाखाली धूळ खात पडायचे. अशा पुस्तकांना ऑफिसातले लोक वाचक शोधून द्यायचे. कुणाला काय आवडतं ते हेरून ई-मेल पाठवायचे, वाचून झालं की दोन ओळी लिहा म्हणून आर्जवं करायचे. ऑफिसच्या मालकीणबाई म्हणायच्या, "हे स्थळं जुळवण्यासारखंच आहे. फरक इतकाच, की इथे मुलीतलं उणं लपवून चालत नाही." त्यांच्या टेबलामागे एक कागद चिकटवलेला होता : खोटा अभिप्राय लिहिणाऱ्याने त्याच दिवशी काम सोडावं. आदल्या वर्षी एकजण तसा गेलाही होता.

आठवड्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा वही घेऊन ऑफिसात आला.

"त्या दिवशी तुम्ही 'पुढे' म्हणालात. ते पुढचं मी लिहून काढलंय."

"त्या दिवशी तुम्ही मला ताई म्हणालात."

"लिफ्टमध्ये अडकलेली प्रत्येक बाई ताईच असते हो. दार उघडल्यावर काय ते ठरवायचं."

तिने मान खाली घालून वही उघडली. दोन दिवसांत वाचून संपवली, आणि जाहिरातीचा सगळा मजकूर त्या वहीवरूनच तयार करून ठेवला. त्याने छापून घेतलेलं पुस्तक तीन महिन्यांनी आलं. ते तिने कपाटात नीट लावलं. उघडून पाहिलं मात्र नाही. पाठ झालेलं पुन्हा काय वाचायचं?

दर गुरुवारी तो लिफ्टच्या देखभालीला यायचा आणि काम आटोपलं की पाचव्या मजल्यावर डोकवायचा. तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघायचा. अभिप्राय : शून्य.

"शून्याचा गोल छान आलाय," पहिल्या गुरुवारी तो म्हणाला.

पाचव्या गुरुवारी तो विनोद करेनासा झाला. "लिहिणं बंद करतो आता. लिफ्ट बरी. दुरुस्त केली की चालते तरी."

तो जिना उतरून गेला. तिने दाराकडे एकदा पाहिलं, आणि भराभरा टाइप केलं. एक काडी मोडलेल्या त्या पिवळ्या छत्रीसाठी मी या पुस्तकाला जीव लावला... मला बंद जागांची भीती वाटते, हे पुस्तक वाचताना ती वाटली नाही. खाली लिहिलं : एक निवृत्त नर्स.

शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त नर्स.

त्यानंतर तिला धड जेवण जाईना. फोन वाजला की ती दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायची.

"आत्या," ती ज्या आत्याकडे राहत होती तिला तिने विचारलं, "खोटं बोललं, पण मनापासून बोललं तर?"

"तर निस्तरताना जास्त रडू येतं," आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली. "कोण आहे तो?"

पुढच्या गुरुवारी तो आला. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. पडद्यावरचा अभिप्राय वाचून तो तिच्याकडे वळला.

"मला त्या नर्सबाईंना भेटायचंय."

"त्या... लांब राहतात."

"मी जाईन."

"मग त्यांनाच इथे बोलावू या," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "दोघांचा फोटो काढू, पानावर टाकू. पुढच्या गुरुवारी."

आठवडाभर तिची झोप उडाली. आत्याची एक मैत्रीण खरोखरच निवृत्त नर्स होती. नुसतं येऊन बसायचं, मान हलवायची. दोनदा तिने फोन उचलला. दोन्ही वेळा तिला पुढे केलेला तो दुसरा हात आठवला, आणि तिने फोन खाली ठेवला.

गुरुवारी तो तळमजल्यावर लिफ्टमध्ये उभा राहून दिवा बसवत होता. अडकली त्या दिवसापासून तिने लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं. दार लागलं.

"नर्सबाई येणार नाहीत," ती म्हणाली. "त्या नाहीतच. ते मी लिहिलं."

दिवा लागला. त्याने पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट वर निघाली... दुसरा... तिसरा. आता हा कधीच बोलणार नाही, अशी तिची खात्री झाली.

"माहीत आहे मला," चौथ्या मजल्यावर तो म्हणाला. "पुस्तकात छत्री नाहीये."

"काय?"

"छापायला नवी प्रत लिहिताना मी ती काढून टाकली. लोक हसतील असं वाटलं. ती फक्त वहीत होती. आणि वही फक्त तुमच्याकडे."

ती भिंतीला टेकली. "मग नर्सबाईंना भेटायचं कशाला म्हणालात?"

"भीती वाटत होती. तुम्ही कामाचा भाग म्हणून लिहिलंत, की..." त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आज कुणीतरी नर्स म्हणून बसलेली दिसली असती, तर मी लिफ्ट दुरुस्त करून निघून गेलो असतो."

"आणि आता?"

"आता तुम्ही वर जाऊन सांगणार. मी दार धरून उभा राहतो."

तिने मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुली, तुझ्याइतकं कुणी वाचत नाही या ऑफिसात," त्या म्हणाल्या, आणि मागच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिने स्वतःच्या हाताने तो अभिप्राय पुसला. पडद्यावर पुन्हा शून्य आलं. कप आणि स्वेटर घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा तो खरंच लिफ्टचं दार धरून उभा होता.

पुढे तिने आत्याच्या जेवणाच्या टेबलावरून तेच काम सुरू केलं. पहिलं पुस्तक त्याचं. अनोळखी लोकांना एकेक पत्र लिहायचं आणि वाट बघायची. रोज दोघं मिळून पान उघडायची. सहाव्या आठवड्यात एक अभिप्राय आला, कुणा बँकेतल्या कारकुनाचा. पाचपैकी तीन तारे.

तो डोळे मिटून म्हणाला, "तूच वाच."

तिने वाचलं. "लिफ्टच्या यंत्राचं वर्णन फार झालं आहे. म्हातारी मात्र आवडली. जिना उतरताना तिच्या हातात काहीतरी असायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं."

त्याने डोळे उघडले. ती शेवटची ओळ त्याने स्वतः पुन्हा एकदा वाचली.

"वही कुठे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या उशाशी," ती म्हणाली. "तेव्हापासून."