ओसरीवरची ओली फरशी

लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तहसीन नांदेडहून एसटीने अहमदपूरला अंबिकाच्या घरी आली. अंबिका तिची लहानपणची मैत्रीण, तहसीनच्या माहेराला भिंतीला भिंत लागून घर. अंबिकाच्या आई शांतम्मा मागच्या उन्हाळ्यात गेल्या, तेव्हापासून घरात अंबिका एकटीच.

तहसीन कॉलेजात मराठी शिकवते. "मॅडम, तुम्ही मुसलमान वाटतच नाही," असं लोक कौतुकाने सांगतात आणि ही बिचारी इतकी वर्षं हसून मान डोलावत आलीय. ते वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं शांतम्मांच्या तोंडून, याच ओसरीवर. तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

दोघी ओसरीच्या शहाबादी फरशीवर टेकल्या. चहा झाला. शांतम्मांच्या हातची कढत भाकरी, शेंगाची चटणी, ठिकरीचे डाव, सगळं आठवून झालं. त्या माउलीने आईइतकाच जीव लावला, असं तहसीन म्हणाली. दिवेलागणीला ती उठली. अंबिका फाटकापर्यंत पोचवायला आली.

तोच मागे सपकन पाणी पडलं.

दोघींनी वळून पाहिलं. ओसरीवर कुणी नव्हतं. पण तहसीन बसली होती तेवढीच फरशी ओली झाली होती. अंबिकाची जागा कोरडी होती. गोमूत्राचा उग्र वास आला.

"घरात कोण हाय?" तहसीनने विचारलं.

"कोणीच न्हाई." अंबिका ओल्या फरशीकडेच बघत होती. "तहसीन... आई धुवायची गं. तू गेलीस की, रोज. मला म्हणायची, पोरीला कळू देऊ नको, तिच्या जिवाला लागंल..."

म्हणजे त्या भाकरीमागे, त्या लाडामागे रोज हे पाणी होतं? तहसीनला भीतीच्या आधी रडू आलं, मग संताप. ती तरातरा माघारी गेली आणि त्याच ओल्या फरशीवर मांडी घालून बसली.

"अम्मा, आता मी उठत न्हाई," ती हळूच म्हणाली. "तुमची माया तरी खरी होती का... तेवढं सांगा."

आत कुठेतरी घंगाळात तांब्या बुडाला. बांगड्या किणकिणल्या, जवळ आल्या, तिच्या पाठीशी थांबल्या. अंबिका फाटकाशीच खिळून उभी होती.

मग तहसीनच्या केसांवरून एक हात फिरला, अगदी मायेने. पुन्हा पुन्हा फिरत राहिला.

भरलेला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज मात्र काही केल्या आला नाही.