काचेमागची जागा

सकाळी दुकानाची काच आतून पुसताना तिचं लक्ष गेलं. फुटपाथवर एक तरुण पावसात छत्री धरून, मान तिरकी करून टक लावून उभा होता. तिने दार उघडलं.

"काय बघताय एवढं?"

"दिवे!" तो दचकला. "अहो, तुम्ही आत होतात? दिसलाच नाहीत. एवढ्या दिव्यांच्या गर्दीत माणूस हरवायचा."

राग यायला हवा होता... हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुकान बाबांचं. टेबलावरचे, टांगायचे, भिंतीवरचे दिवे त्यांनी काचेमागे खेटून मांडलेले. तिने एकही हलवला नव्हता. पण लोक न थांबता पुढे जात. "महिनाभर बघ, नाहीतर विकून टाकू," आईने बजावलं होतं.

तो दुकानांच्या काचा सजवायचा. "माझ्यावर सोडा. नाही आवडलं तर होतं तसं लावून देईन."

संध्याकाळी काचेमागे एकच पांढरा, देखणा दिवा उरला. बाबांबद्दल बोलत दोघं समोरच्या बेकरीच्या पायरीवर बसले. चेहरे नाही, लोकांचे पाय बघायचे, ही त्याची पद्धत. एकही पाऊल रेंगाळलं नाही.

"सुटसुटीत तर दिसतंय..." तो पुटपुटला.

"सुटसुटीत? घर रिकामं करून माणसं निघून गेल्यासारखं दिसतंय."

तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. गर्दीत नजर दमते. पण इथे तिला रेंगाळायला काहीच ठेवलं नाही मी. तुम्ही मांडा ना... बाबा कुठे बसायचे?"

तिने बाबांचं बुटकं स्टूल आणलं. त्यावर त्यांनी दुरुस्तीला घेतलेला हिरवा दिवा, अर्धवट गुंडाळलेली वायर, स्क्रू ड्रायव्हर. मागे एक उंच दिवा, एक ठेंगणा. तो आणखी एक उचलायला गेला, तशी तीच म्हणाली, "राहू दे. पुरे."

पुन्हा पायरी. एक बाई काचेसमोरून पुढे गेली... थांबली... मागे आली. नवऱ्याची बाही ओढत म्हणाली, "अहो, बघा ना! कुणीतरी आत्ताच चहाला उठून गेलंय जणू."

पायरीवर तिचे डोळे भरले. त्याने नुसती छत्री तिच्यावर धरली. पाऊस केव्हाच थांबला होता.

बाईने दुकानाचं दार ढकललं. ती लगबगीने उठली, जाता जाता वळली.

"आता आत उभी राहिले तर दिसेन ना?"

"खरं सांगू? सकाळीही दिसला होतात... म्हणून तर थांबलो."

"आणि दिवे?"

"कुठले दिवे?"