नकाशावरच्या टाचण्या

"आमच्या घरात कुणीतरी समुद्रकिनारे पळवतंय," सबा म्हणाली आणि शिवशरणअण्णांचा चहा बशीत सांडला.

नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानावर सिद्धेश्वरी कोरे यांची दोन खोल्यांची कचेरी होती. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले होटगीचे शिवशरणअण्णा त्यांचे मदतनीस. अण्णांच्या मते सोलापुरात काहीही चोरीला जाऊ शकतं. गाडी, गळ्यातलं, नळाचं पाणीसुद्धा. पण किनारा?

"कुटला किनारा?" त्यांनी विचारलं. "हितं तर नळालासुदीक धड पाणी न्हाय."

"कॅरिबियनमधला, अण्णा."

अण्णांनी बशीतला चहा पिऊन टाकला. असं काही ऐकल्यावर आधी चहा संपवावा, हा त्यांचा जुना नियम.

सबा शाळेत शिकवत होती. तिचा थोरला भाऊ खालिद एका क्रूझ जहाजावर आचारी. दोन वर्षं तो घरी आला नव्हता आणि पुढचं वर्षही जहाजावरच जाणार होतं. पण यंदा आईवडिलांना जहाजावर नेण्याची परवानगी त्याला मिळाली होती.

"जहाज रोज एका बेटाला थांबतं. लोक उतरतात आणि जवळच्या किनाऱ्यावर झुंबड करतात. खालिदनं मला फोनवर शांत जागा सांगितल्या. काठाजवळच मासे दिसतात म्हणे. डोळ्यांवर काच बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. अम्मीला गर्दी नको, म्हणून प्रत्येक बेटावर एक शांत जागा निवडून मी टाचणी लावली. त्या टाचण्या रोज हलतात."

"पोरखेळ असंल," अण्णा म्हणाले.

"घरात पोर नाही, अण्णा. आम्ही तिघंच." सबाचा आवाज बारीक झाला. "कुठं उतरायचं ते खालिदला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, तरच त्या-त्या दिवशीची सुट्टी मिळेल त्याला. अम्मी तर तीन घासांवर उठते हल्ली. तिनं जाऊ नये असं कुणाला वाटत असेल तर सगळं रद्द करते मी. पण मग ती खालिदला कधी भेटणार?"

सिद्धेश्वरीबाई उठल्या. "चला. नकाशा बघू."

विजापूर वेशीजवळचं ते घर लहान पण लख्ख होतं. बाहेरच्या खोलीत दिवाणाच्या वर, थर्माकोलवर लावलेला मोठा तक्ता होता. सबाने चार बेटं मोठी करून एकाखाली एक रंगवली होती. सगळ्यात वर, पार छताजवळ, बहामा. मग केमन, अरुबा आणि तळाला कुरसाव.

"निळा मासा म्हणजे मासे दिसणारी शांत जागा," सबाने सांगितलं. "छत्री म्हणजे गर्दी. लाल रिंगण असेल तिथे जीवरक्षक असतो. बुडणाऱ्याला काढणारा." मग ती थबकली. "बघा! सकाळी निघाले तेव्हा चारही टाचण्या छत्र्यांवर होत्या. आता खालच्या तीन पुन्हा माशांवर!"

"आणि वरची?"

"ती एकदा छत्रीवर गेली की तिथेच राहते. मीच परत लावते, दिवाणावर चढून."

सिद्धेश्वरीबाई चप्पल काढून दिवाणावर चढल्या. वरच्या टाचणीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ती सरळ टोचलेली नव्हती. आडवी घालून, टोक पुन्हा कागदाबाहेर काढलं होतं. खाली उतरून त्यांनी बाकीच्या छत्र्या पाहिल्या. प्रत्येक रिंगणवाल्या छत्रीपाशी छिद्रं जोडीजोडीनं होती. माशांपाशी मात्र एकेकटी.

"अण्णा, काय दिसतं?"

"भोकं दिसतात की," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले.

तेवढ्यात प्रभु आला. प्रवास कंपनीत तिकिटं काढून देणारा हा तरुण दिवसाआड घरी येई, नेमका चहाच्या वेळी. बाईंनी त्याला थेट विचारलं.

"मॅडम, खरं सांगतो. शांत किनाऱ्यावर आमचं काय सुटतं? कुरसावला पाण्याच्या घसरगुंडीवाला किनारा घ्या, असं मी यांच्या मागे लागलो होतो. ती बघा, डावीकडची छत्री. पण टाचणीला हात लावला नाही."

"परवा आणि तेरवा हा अक्कलकोटला लग्नाला होता," सबा म्हणाली. "टाचण्या तेव्हाही हलल्या. आणि हलल्या त्या उजव्या छत्रीवर, रिंगणवाल्या."

प्रभु चहा न घेताच गेला. अण्णांना त्याची दया आली आणि त्याच्या वाटणीची बिस्किटंही.

सबाची अम्मी सायराबानू ट्रे घेऊन आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, एकेक पाऊल जपून टाकणाऱ्या. गुडघ्यांनी त्यांना हैराण केलं होतं.

"टाचण्या कोण हलवतं, भाभी?" बाईंनी विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय त्या नकाशातलं?" सायराबानू म्हणाल्या. "मी खालिदला एवढंच विचारलं होतं, पाणी कुठवर गुडघ्याएवढं राहतं? तो म्हणाला, शांत जागी लांबपर्यंत. बस्स. या घरात टाचण्याच काय, सगळंच पाय फुटून जातंय. तेलाचा रिकामा डबा परवापासून दिसत नाही."

"आणि माझी टूथपेस्ट," सबा म्हणाली. "अम्मी-अब्बांचं मंजन असतं. पेस्ट मी एकटी वापरते. नवी आणली ती चार दिवसांत चपटी! आता चष्म्यांना काय लावू?"

"चष्म्यांना?"

"पाण्यात घालायच्या. खालिद म्हणाला, नवी काच आतून टूथपेस्टनं घासून घे, नाहीतर वाफ धरते. ते राहूनच गेलंय."

बाईंनी ते दोन चष्मे मागवले. नाकासकट अर्धा चेहरा झाकणारे, रबरी कडांचे. एकाच्या काचेवर दुकानातलं पातळ प्लास्टिक तसंच होतं. दुसऱ्याची काच लखलखत होती आणि पट्टा मोठ्या डोक्याला बसेल इतका सैल केलेला होता.

बाहेर मोटारसायकल थांबली. धोतर आणि टोपीतला एक शेतकरी कुणाला तरी उतरवून निघून गेला आणि सबाचे अब्बा रहिमतुल्ला आत आले. उंचेपुरे गृहस्थ. एका कानात कापसाचा बोळा.

अण्णांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. फोटोतल्या रहिमतुल्लांना कानापर्यंत पोचणाऱ्या भरदार मिश्या होत्या. समोरच्यांचा ओठ गुळगुळीत, आणि ती जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ. स्वतःची मिशी अण्णांनी पोटच्या पोरासारखी वाढवली होती.

"असली मिशी काढली? कशापायी?"

"उकडत होतं," रहिमतुल्ला तुटकपणे म्हणाले.

"अब्बा चिंचोळी एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते," सबाने ओळख करून दिली. "अजून रोज तिकडे जातात, आत्ता सोडून गेले त्या महिपतीकाकांबरोबर. काकांचं शेत तिकडेच पुढे आहे. जुन्या दोस्तांना भेटायला."

"टाचण्या तुम्ही हलवता का?" बाईंनी विचारलं.

"मला काय करायचंय बेटांशी? बायको पोराला भेटली म्हणजे झालं."

"पोहता येतं तुम्हाला?"

रहिमतुल्लांची छाती फुगली. "येतं म्हणजे? लग्न ठरलं तेव्हा सासुरवाडीचं तळं या काठावरून त्या काठाला पार केलंय मी! अर्ध्या वाटेत..."

"चहा टाकते," सायराबानू म्हणाल्या आणि आत गेल्या. अण्णांनी ट्रेकडे पाहिलं. पाचही कप काठोकाठ भरलेले होते. बाईसाहेब विसरल्या असतील, असं मनाशी म्हणून त्यांनी एक उचलला.

सिद्धेश्वरीबाईंनी मात्र सबाला दारात नेऊन हळूच विचारलं, "खरं बाहेर आलं तर या घरात एका माणसाची मान थोडा वेळ खाली जाईल. चालेल?"

"अम्मी जाणार असेल तर चालेल."

सगळे बसले. उन्हं दिवाणापर्यंत आली होती.

"टाचण्या हलवणाऱ्याला गर्दी आवडते, असं सबाला वाटलं," बाई म्हणाल्या. "पण कुरसावला छत्र्या दोन आहेत. घसरगुंडीच्या छत्रीवर टाचणी कधीच गेली नाही, म्हणजे प्रभु नाही. ती गेली रिंगणवाल्या छत्रीवर. बाकी बेटांवरही तेच. या माणसाला गर्दी नको होती. बुडणाऱ्याला काढणारा कुणीतरी हवा होता."

बाईंनी वरच्या टाचणीकडे बोट केलं.

"आता टोचण्याची पद्धत. कागदावर टाचणी आपण सरळ खुपसतो. आत घालून टोक बाहेर काढायचं, ही कापडाची सवय. कारखान्यात सारा जन्म गेला की बोटं दुसरं काही करत नाहीत."

सबाने वडिलांकडे पाहिलं. रहिमतुल्ला फरशीकडे बघत होते.

"पण अब्बा तर पट्टीचे पोहणारे!"

"पोहणारा माणूस या वयात चष्मा घेऊन चोरून शिकायला जात नाही, सबा. काच कुणी घासली? तू नाही, अम्मीच्या काचेवर प्लास्टिक आहे, आणि पट्टा सैल केलाय तो मोठ्या डोक्यासाठी. मिशीवर हा चष्मा घट्ट बसत नाही, फटीतून पाणी शिरतं. म्हणून मिशी गेली. कानात पाणी गेलं म्हणून कापूस. आणि तेलाचा डबा... अण्णा, तुम्ही पोहायला कसं शिकलात?"

"पाठीला रिकामा डबा बांधून, हिरीत!" अण्णा उडालेच. "आमच्याकडं समदे तसंच शिकतात. आगं आई! डबा म्हंजे..."

"महिपतीकाकांची विहीर. चिंचोळीच्या पुढे, शेतात. बरोबर ना, मास्टर?"

रहिमतुल्लांनी मान हलवली. बोलले तेव्हा आवाज त्यांचा वाटेना.

"मेहुण्यांनी चिडवलं होतं, शहरातला नवरा तळं बघूनच पळेल म्हणून. मी बोलून गेलो, पार केलंय. झूठ. घोट्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो कधी. एकदा बोललो ते बोललो, मग दर ईदेला सांगत आलो. सोलापुरात काय, कोण विचारतंय? आणि आता ही म्हणते, शांत जागी जाऊ, तुम्ही आहात की हात धरायला." त्यांनी तळव्यांनी तोंड पुसलं. "ती माझ्या भरवशावर पाण्यात उतरणार. तिचा पाय सुटला तर मी काय करणार होतो, बाई? काठावर उभा राहून बघणार?"

सबा त्यांच्या पायाशी जाऊन बसली. अण्णांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"एक टाचणीवाला सापडला," बाई हलकेच म्हणाल्या. "पण टाचण्या माशांवर परत कोण नेत होतं? बहामाची टाचणी तेवढी परत जात नव्हती. तिथे पोचायला दिवाणावर चढावं लागतं. मास्टर उंच आहेत, सबा चढते. या घरात एकच माणूस आहे, जे ठेंगणं आहे आणि ज्याचे गुडघे दिवाणावर चढू देत नाहीत."

सायराबानू पदराशी चाळा करत होत्या.

"आणि तळ्याची गोष्ट निघाली की या भरलेले कप सोडून चहा टाकायला उठतात. भाभी, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्नाच्या आधीपासून," सायराबानू म्हणाल्या.

रहिमतुल्लांनी झटकन मान वर केली.

"त्या दिवशी तळ्यावर मी होते, मैत्रिणींबरोबर, बाभळीमागे. तुम्ही काठावर बसून विजारीचे पाय ओले केलेत, डोक्यावर पाणी ओतून घेतलंत आणि परत आलात. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी एवढं खोटं बोलणारा माणूस वाईट नसणार."

"मग शांत किनारा कशाला धरून बसलीस?" रहिमतुल्ला जवळजवळ ओरडले. "माहीत होतं तर?"

"म्हणूनच! पाणी गुडघ्याएवढं, आणि आजूबाजूला कुणी नाही. तुम्ही घाबरलात तर हसायला माणूस नको. गर्दीत तुम्ही ऐटीत खोल पाण्यात गेला असतात. मी ओळखत नाही का तुम्हाला? सकाळी टाचण्या छत्रीवर दिसायच्या आणि माझं जेवण उतरायचं नाही."

"इतकी वर्षं ईदेला माझं ऐकून घेतलंस. कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

सिद्धेश्वरीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. धंद्यात त्यांनी अनेक खोट्या गोष्टी उघड्या पाडल्या होत्या, पण अशी जपून ठेवलेली ही पहिलीच.

"कसं वाटतं?" सायराबानूंनी विचारलं. "पाण्यात तोंड घातलं की?"

रहिमतुल्लांचा हात सवयीनं ओठावर गेला आणि खाली आला. फुशारकीचं एखादं वाक्य जिभेवर आलं असावं, ते त्यांनी गिळलेलं अण्णांनी स्पष्ट पाहिलं.

"भीती वाटते, सायरा. लई भीती वाटते. महिपती वर दोर धरून उभा असतो, तरी वाटते."

सायराबानू उठल्या. गुडघे सांभाळत दिवाणापर्यंत आल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. पोरीच्या देखत, परक्यांच्या देखत, त्यांनी त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला. सबाने असलं काही या घरात कधी पाहिलं नव्हतं.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "उद्या विहिरीवर मलाही घेऊन चला."