वेणीतला पक्षी

"मॅडम, जरा पाय वर घेता का?"

तिनं घेतले. खाली बघितलंसुद्धा नाही. डोळे संगणकाच्या पडद्यावर आणि मन दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन घरात! समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संग्रहालयानं त्या घराची खड्यांच्या नक्षीची जमीन इंटरनेटवर अशी काही ठेवली होती, की फोटो मोठा करत जावं तर खडा न् खडा मोजता यावा. अशा वेळी आपले पाय वर आहेत की खाली, कोण बघतो?

"आता खाली ठेवलेत तरी चालेल. दहा मिनिटं झाली..." तोच आवाज पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्यात हसू होतं.

तिनं वळून पाहिलं. भुवयांवर सिमेंटची धूळ, हातात रबरी हातोडी, गुडघ्यांवर बसलेला एक तरणाबांड कारागीर. ती काम करायची त्या वाचनालयाच्या संगणक खोलीची जुनी फरशी उखडून नवी घालायला आजपासून येणार होता, तो हाच. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता मुळी! त्याची नजर पडद्यावर खिळली होती.

"हे दोघांनी केलंय," तो म्हणाला.

"काय?"

"ही कडेची वेणी बघा." काळ्या-पांढऱ्या खड्यांची वेणी जमिनीच्या चारी कडांनी फिरत होती. "डावीकडून आलेले पीळ कसे ऐसपैस, आणि उजवीकडचे आवळलेले. दोघं दोन टोकांनी निघाले, मध्ये भेटले, आणि माप चुकलं. जागा उरली! मग दिलाय एक पक्षी बसवून."

खरंच की! वेणीच्या मधोमध एक इवलासा पक्षी होता. खाली विद्वानांनी लिहिलं होतं, की या पक्ष्याचा धार्मिक अर्थ अद्याप उलगडलेला नाही.

तिनं ते वाचून दाखवलं. "अर्थ कसला डोंबलाचा! चूक झाकलीय त्यांनी," तो म्हणाला.

ती इतक्या मोठ्यानं हसली, की 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसणाऱ्या तिलाच ग्रंथपाल काकांनी बाहेरून दटावलं.

तर अशी ती भेट. पुढे काम चाललं बारा दिवस. खरं सांगायचं तर एवढ्याशा खोलीला बारा दिवस लागत नाहीत हो! पण दहा मिनिटांची चहाची सुट्टी तासावर गेली, त्याला कोण काय करणार? ती त्याला रोज नवं काही दाखवायची... ग्रीक नाट्यगृहाच्या पायऱ्या, रोमन स्नानघरांच्या खालून गरम हवा खेळवणाऱ्या पोकळ जमिनी, आणि एकदा तर छपराचं एक कौल, ज्यावर कुत्र्याचा पंजा उमटला होता.

"ओल्या कौलावरून गेलं वाटतं बेटं! काय शिव्या घातल्या असतील त्या कुंभारानं... काल माझ्या फरशीच्या ओल्या सांध्यांवरून तुमचे ग्रंथपाल काका गेले, तेव्हा मी मनातल्या मनात घातल्या तशाच."

ती बघत राहायची. तीन वर्षं तिनं प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं ऐकली होती, वह्याच्या वह्या भरल्या होत्या. पण या जमिनी घालणाऱ्यांचे गुडघे किती दुखत असतील, हे आजवर एकानंही सांगितलं नव्हतं. याला ते दिसत होतं. किती सुंदर बघतो हा माणूस, असं तिला वाटायचं, आणि मग उगाचच ती पुस्तकांची यादी तपासायला घ्यायची.

घरीही तिच्या बोलण्यात फरशी फार यायला लागली. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "इतकी वर्षं मेलेल्यांच्या घरात डोकावत होतीस. एक जिवंत माणूस दिसला म्हणायचा एकदाचा!"

"आई, काहीतरीच काय!" ती म्हणाली खरी, पण कान लाल झाले ते झालेच.

बाराव्या दिवशी शेवटची फरशी बसली. दुसऱ्या दिवशी तो परगावी निघणार होता, एका इस्पितळाच्या वर्षभराच्या कामावर. सकाळपासून तिच्या ओठांशी काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. संध्याकाळी तो हत्यारं पिशवीत भरायला लागला, तेव्हा तिचा धीर सुटला.

"थांबा! तुमचं ते पक्ष्याचं संग्रहालयाला कळवू या. लोकांकडून निरीक्षणं मागवलीत त्यांनी."

"माझं कोण ऐकणार, मॅडम? दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही मी."

"मी ऐकते ना."

त्यानं पिशवी खाली ठेवली. ती भराभर टाइप करत गेली आणि शेवटच्या रकान्यापाशी अडली.

"काय विचारतायत?"

"निरीक्षण दोघांचं असेल तर... दोघांचं एकमेकांशी नातं."

"ओळख, असं लिहा."

"नुसती ओळख?"

"मग... तुम्ही म्हणाल ते."

"सगळं मीच म्हणायचं का?" ती चिडलीच. "उद्या चाललात तुम्ही! मला तुम्ही आवडता, हे या रकान्यात लिहू की तोंडानं सांगू?"

बोलून गेली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तो उठला. "आलोच," एवढंच म्हणाला आणि सरळ खोलीबाहेर गेला.

संपलं! तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाहेर नळ वाहत होता, बराच वेळ. मग तो परत आला. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, शर्टाला पुसत पुसत.

"सिमेंटचे हात तुमच्या संगणकाला कसे लावायचे?" असं म्हणून तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यानं त्या रकान्यात लिहिलं... होणारी बायको.

"गाडी दुपारची आहे. सकाळी तुमच्या आईंना भेटायला येईन म्हणतो." त्यानं माउसवर हात ठेवला. "पण आधी तुम्ही सांगा. खोडू का?"

तिला अक्षरं धूसर दिसायला लागली. "अहो... पण त्या लोकांना आपली भाषा कुठे कळतेय?"

"त्यांना कळून काय करायचंय? तुम्हाला कळलं ना?"

तिनं त्याच्या हाताखालचा माउस ओढून घेतला आणि 'पाठवा'वर टिचकी मारली.