तोंडानं तीन-शून्य

"तीन-शून्य! कोण पैज लावतंय बोला," चहाचा ग्लास फळीवर आपटत कुणीतरी म्हणालं आणि चिंचबन चौकातल्या सगळ्या माना हलल्या. तीन-शून्यपेक्षा कमी बोलणं म्हणजे पेठेशी गद्दारी. मागच्या रविवारी दगडी कमान संघाबरोबरचा प्ले-ऑफचा उपांत्य सामना एक-एक असा बरोबरीत सुटला होता, आणि नियमाप्रमाणे तो येत्या रविवारी नव्यानं खेळायचा होता. जिंकेल तो अंतिम फेरीत. हरेल त्या पेठेनं पुढच्या मोसमापर्यंत शेजारच्या पेठेतून मान खाली घालून जायचं. कोल्हापुरात फुटबॉलला नुसता खेळ म्हणणारा माणूस हमखास परगावचा असतो.

एवढी गर्जना झाल्यावर सगळ्यांनी चोरून तालमीच्या भिंतीवरच्या डिजिटल फलकाकडे बघितलं. फलकावर एक्केचाळीसचा आकडा होता. चिंचबन तालीम मंडळाच्या संघाची जिंकण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस, आणि तीही पेठेतल्याच लोकांच्या मनगटांनी ठरवलेली.

या यंत्रणेचं नाव होतं कौल. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं, ही रीत गावोगाव अजून आहे. नाव तिथून उचललेलं, बाकी सगळं नवं. मनगटावर एक काळा पट्टा बांधायचा. रोज संध्याकाळी फोनवर मागच्या सामन्यातले छोटे छोटे तुकडे दिसायचे आणि शेवटी एकच प्रश्न यायचा, 'रविवारी आपण जिंकणार का?' लोक अर्थातच 'हो' म्हणायचे. पट्टा ते 'हो' कानावरच घ्यायचा नाही. कातडीवरचा बारीक घाम, नाडीची उडी, रक्ताची गती मोजून तो स्वतःचं उत्तर काढायचा.

"एक असतं मुखमत आणि एक असतं देहमत," ती यंत्रणा सांभाळणारा निनाद अतिग्रे समजावून सांगायचा. निनाद पेठेतलाच, इंजिनिअर झालेला. "वर्षानुवर्षं मॅच बघणाऱ्या माणसाला खेळाडूची चाल बघूनच पुष्कळ काही कळतं. पण आपल्याला ते कळलंय, हेच त्याला कळत नाही. ते अंगात राहतं. हजारो अंगांची बेरीज केली की पंडितांपेक्षा बरा अंदाज येतो."

आणि तो यायचाच. गेल्या वर्षी कौल असाच घसरला होता. त्या सामन्यात मध्यंतरानंतर चिंचबनचा कप्तान सुजय मैदानात कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. सामनाही हातचा गेला. तेव्हापासून फलकावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

सुजय हा तालमीचे अध्यक्ष मानसिंगदादा सरनोबत यांचा एकुलता एक मुलगा. दादांनी त्या दिवसाचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. पेठेचा पोरावर विश्वास राहिला नाही, त्या अविश्वासानं त्याचा दम मोडला, असं ते उघड म्हणायचे. पोर गमावलेला बाप, त्याचं बोलणं कोण खोडून काढणार? म्हणून यंदा आकडा घसरल्यावर ते आधी शंकेखोर शोधायला निघाले.

"कुणाचा पट्टा रडतोय त्यो?" त्यांनी निनादला विचारलं.

"नाव दिसत नाही, दादा. फक्त गल्ली दिसते. सगळ्यात खाली इंगवले गल्ली आहे."

चहाच्या टपरीच्या कडेला उभ्या असलेल्या केतकी इंगवलेनं कुर्त्याची बाही मनगटावर ओढून घेतली.

तो रडका पट्टा आपलाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चिंचबनचा गोलकीपर विश्वजीत हा तिचा धाकटा भाऊ. मागच्या रविवारी शेवटच्या मिनिटांत दगडी कमानच्या फॉरवर्डच्या पायांत विश्वानं उडी घेतली, बॉल छातीशी धरला, आणि फॉरवर्डचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला. त्यानं आणखी एक गोल वाचवला. पेठेनं त्याला खांद्यावर घेऊन घरी आणलं. जेवताना त्यानं विचारलं, "आक्का, कितीला सुटली मॅच?" केतकीनं सांगितलं. भात वाढेपर्यंत त्यानं परत तेच विचारलं. आईला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

तेव्हापासून त्याला उजेड सोसत नव्हता. गॅसवर दूध ठेवून तो गच्चीत जायचा आणि तिथं का आलो म्हणून उभा राहायचा. केतकी शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाची तपासणी करायची. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागात आत चीर असली की काय होतं, हे तिनं पुष्कळदा बघितलेलं. तिनं कारखान्याच्या डॉक्टरांना, नाव न सांगता, विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला बसलेला मार भरून यायच्या आत दुसरा मार बसला, तर माणूस हातचा जातो. त्याला घेऊन या."

विश्वा आला नाही. "रविवारी मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला येणार हाय, आक्का. आता दवाखान्यात गेलो की संपलंच सगळं. माझी शप्पथ हाय तुला, कुणाला बोललीस तर." शप्पथ घालताना त्यानं डोळे मिटून घेतले होते, खिडकीतल्या उजेडामुळं.

केतकी गप्प राहिली. तोंड बंद ठेवता येतं. मनगटाला कोण शिकवणार? विश्वाचा चेहरा फोनवर दिसला की तिच्या हाताला घाम फुटायचा. पट्ट्याला प्रश्न एकच ठाऊक होता, त्यामुळं त्यानं त्याचा अर्थ सरळ लावला, ही बाई म्हणते आपण हरणार.

टपरीजवळ तिनं बाही ओढलेली मानसिंगदादांनी बघितली होती, आणि त्याच संध्याकाळी ते घरी आले. आईनं चहा ठेवला. दादा आवाज न चढवता बोलले, आणि त्याचीच केतकीला जास्त भीती वाटली.

"पोरी, तू लहानपणापासनं तालमीची. तुला मी वंगाळ बोलणार न्हाई. पर तुझा पट्टा काढून दे आणि रविवारपातुर गडहिंग्लजला मावशीकडं जा. तुझ्या भावाच्याच पायात येतीयास तू."

"दादा, मी..." तिनं विश्वाकडे बघितलं. तो दारात उभा राहून तिच्याकडे रोखून बघत होता.

"सुजयच्या वक्ताला मी कुणाला काय बोललो न्हाई," दादा म्हणाले. "त्ये मला आजून खातंय. आवंदा न्हाई गप बसणार."

तिनं पट्टा काढून दिला. मनगटावर पांढरा वळ उमटला होता. ज्या पेठेत जन्म गेला तिथून आपल्याला अपशकुनी म्हणून बाहेर काढतात, याचा तिला संताप आला आणि रडूही आलं. गडहिंग्लजला मात्र ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या इतरही काही काळजीखोरांचे पट्टे जमा झाले. कुणी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन मन शांत करून आलं, कुणी मारुतीला नारळ फोडून. आता आकडा चढणार म्हणून सगळे फलकाखाली जमले, आणि आकडा छत्तीसवर आला.

चौकात आता तीन-शून्य कुणी म्हणेना. शंकेखोर बाहेर काढले तरी शंका वाढतेच कशी? लोक एकमेकांच्या मनगटांकडे बघायला लागले. सख्खे शेजारी जरा अंतर ठेवून उभे राहिले.

केतकी तालमीच्या माडीवर निनादकडे गेली.

"माझा पट्टा तर आत नाही. मग कुणाचा आहे हा आकडा?"

निनादच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तेच शोधतोय. 'कोण' ते शोधणं मी सोडून दिलं आणि 'कुठं' ते बघितलं. म्हणजे कुठला तुकडा बघताना लोकांची नाडी उडते ते. मला वाटलं, कमानचा फॉरवर्ड दिसला की उडत असेल. तसं नाही. हे बघ."

त्यानं तुकडा लावला. त्यात काहीच घडत नव्हतं. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. विश्वा एकटा गोलपोस्टजवळ उभा होता. त्यानं हात लांबवला, पोस्ट चुकली, हवेत बोटं मिटली. मग दुसऱ्यांदा चाचपून त्यानं खांब धरला आणि डोळे मिटले.

"इथं सगळ्या पेठेची नाडी उडतीय," निनाद म्हणाला. "काय आहे यात? मला तर काही दिसत नाही."

पण त्याच्या स्वतःच्या पट्ट्यावरचा, नाडी उडाली की लागणारा बारीक दिवा लुकलुकत होता. केतकीनं त्याच्याकडे बोट दाखवलं. निनादनं दिव्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे, आणि तो हळूच खुर्चीत बसला.

केतकीनं त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे लोक हरायला घाबरत नाहीयेत," निनाद म्हणाला. "भीतीचा घाम आणि अविश्वासाचा घाम पट्ट्याला सारखाच. मी प्रश्नच एक ठेवला होता."

"मग दुसरा ठेव," केतकी म्हणाली.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चिंचबनमध्ये जर्सी वाटायची रीत होती. तालमीच्या मारुतीसमोर तांबड्या-पांढऱ्या जर्सींची चळत ठेवायची आणि अध्यक्षांनी एकेका खेळाडूला नाव घेऊन द्यायची. ती हातात पडली की मागं फिरणं नाही. सगळा चौक भरला होता. गोलकीपरची जर्सी पहिली. दादांनी विश्वाचं नाव पुकारलं आणि तो पुढं आला.

"दादा, थांबा," केतकी गर्दीतून पुढं आली. "आधी कौलाला एक विचारा. जिंकणार का, ते नको. विश्वानं उद्या उतरावं का, तेवढं विचारा."

विश्वाचा चेहरा उतरला. "आक्का, गप बस!"

"केतके, तुला मी कुठं जायला सांगितलं हुतं?" दादा गरजले. पण तोवर निनादनं माडीवरून तुकडा फलकावर सोडला होता.

पोस्ट चुकणारा हात सगळ्या चौकानं बघितला. या वेळी एकत्र, मान वर करून. फलकाखाली प्रश्न आला, 'या गड्यानं उद्या खेळावं का?' तोंडं बंदच राहिली. आकडा उतरत उतरत पाचावर येऊन थांबला.

"मला काय झालेलं न्हाई!" विश्वा ओरडला. "हिला कायतरी वाटतंय आणि तुम्ही सगळी..."

"विश्वा," केतकी त्याच्याजवळ गेली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. "मागच्या रविवारी आपला गोल कुणी मारला रे?"

तो हसला. सोप्पा प्रश्न. "सुजयनं. दुसरं कोण मारणार?"

चौकात कुठंतरी स्टीलचा पेला पडला. विश्वा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला, मग दादांच्या. आपण काय बोललो हे त्याला उमगेना, पण काहीतरी भयंकर बोललो एवढं कळलं, आणि एवढा मोठा गडी लहान पोरासारखा बहिणीच्या दंडाला धरून उभा राहिला.

मानसिंगदादांनी हातातली जर्सी परत चळतीवर ठेवली. मग ते म्हणाले, "गाडी काढा. पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. उद्या पाटलांचा यशराज उभा ऱ्हाईल."

यशराज म्हणजे बदली गोलकीपर, हातातून बॉल सोडण्यात प्रसिद्ध. एरवी या नावावर चौक हसला असता. आता माणसं विश्वाला वाट करून देत होती. जाता जाता कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवत होतं, कुणी केतकीची नजर चुकवत होतं. निनादनं सवयीनं फलकावर जुना प्रश्न परत लावला. आकडा वर सरकला आणि अठ्ठावन्नवर थांबला.

"आयला, चढला की!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. चांगला गोलकीपर बाहेर गेला आणि जिंकायची शक्यता वाढली, यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटलं नाही.

दादांना वाटलं. ते फलकाकडे बघत उभे होते. गाडी येईपर्यंत केतकी विश्वाला धरून तालमीच्या पायरीवर बसली होती. दादा तिच्याजवळून माडीच्या जिन्याकडे गेले, पण चढले नाहीत. त्यांनी खालूनच हाक मारली.

"निनाद, गेल्या वर्साचं समदं हाय का रं तुझ्याकडं? सुजयच्या मॅचआदलं?"

"आहे, दादा." निनाद माडीवरून म्हणाला.

"तवा बी कौल पडला हुता. पेठेचा इस्वास उडाला म्हणून मी वरीसभर शिव्या घातल्या लोकांस्नी." दादांनी उजव्या हातानं डाव्या मनगटावरचा पट्टा घट्ट धरला. "त्यो जिना चढताना थांबायचा. मी म्हणायचो, आळस आलाय."

गाडी आली. विश्वानं केतकीला विचारलं, "आक्का, कितीला सुटली मॅच?" तिनं सांगितलं, एक-एक, आणि त्याला हात देऊन उठवलं. दार लावताना तिला मागून दादांचा आवाज ऐकू आला. एवढा हळू की तो त्यांचाच आहे हे तिला क्षणभर पटलं नाही.

"माझा पट्टा काय सांगत हुता रं, तवा?"